विश्लेषण : किलोभराचे पिस्तूल रोज कमरेला… तेही कुणाला न दिसता! अमेरिकेत हे कसे जमवले जाते?

प्लॅक्सिको बरेस हा अमेरिकी फुटबॉलमधला मोठा खेळाडू. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याने पकडलेल्या चेंडूवर न्यूयॉर्क जायंट्स संघाने 'सुपर बोल' जिंकला. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर तो मॅनहॅटनमधल्या एका नाइटक्लबमध्ये गेला तेव्हा कमरेला ग्लॉक पिस्तूल होते. होल्स्टर मात्र नव्हते. पिस्तूल सैलसर ट्रॅक पँटच्या इलॅस्टिकमध्ये नुसतेच खोचलेले होते. ते पायावरून खाली घसरू लागले, त्याने ते झटकन पकडायला हात घातला, चाप दाबला गेला आणि गोळी त्याच्याच उजव्या मांडीत घुसली. न्यूयॉर्कमध्ये त्याच्याकडे परवाना नव्हता. पुढच्या वर्षी गुन्हा कबूल करून त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

हिंदी चित्रपटातला नायक पँटच्या मागे पिस्तूल खोचतो, धावतो, गाडीवरून उडी मारतो, तरी ते जागेवरून हलत नाही. प्रत्यक्षात काय होते ते बरेसच्या मांडीने दाखवले. लाखो अमेरिकी नागरिक रोज पिस्तूल अंगावर बाळगून कामाला जातात, किराणा आणतात, मुलांच्या सामन्यांना बसतात. त्यातल्या अनेकांकडे खिशात मावणारी छोटी पिस्तुले नसून पोलीस वापरतात तशी पूर्ण आकाराची असतात. ते हे कसे जमवतात, त्यात धोके कोणते, आणि तिथल्या मराठी मंडळींना काय लागू होते, याचा हा आढावा.

इतके मोठे पिस्तूल कशासाठी?

'पूर्ण आकाराचे' म्हणजे साधारण ग्लॉक १७ एवढे. ऑस्ट्रियाच्या लष्करासाठी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेल्या या ९ मिमी पिस्तुलाची लांबी सुमारे २० सेंटीमीटर. मॅगझिनमध्ये १७ काडतुसे भरली की वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास जाते. त्याआधीची अनेक दशके अमेरिकी सैन्याकडे असलेले एम १९११ हे पोलादी पिस्तूल तर रिकामेच किलोपेक्षा जड भरते.

याउलट गेल्या दहा-बारा वर्षांत बाजारात आलेली छोटी पिस्तुले तळहाताएवढी आहेत. २०१५ चे ग्लॉक ४३ सहा काडतुसांचे, तर २०१८ च्या सिग पी ३६५ मध्ये दहा बसतात. मग लोक जड ओझे का वाहतात? कारण पिस्तूल हलके असेल तर गोळी झाडताना हाताला बसणारा झटका जास्त असतो. मूठ आखूड असल्याने करंगळी हवेत राहते. पुढचे आणि मागचे नेम साधायचे खूण-टोक जवळजवळ येतात, त्यामुळे नेमातली बारीक चूक लक्षात येत नाही. थोडक्यात, छोटे पिस्तूल बाळगायला सोपे आणि चालवायला अवघड. मोठ्याचे बरोबर उलट. ज्यांना सरावात मोठे पिस्तूल हाताशी बसले आहे, त्यांना घाबरलेल्या क्षणी दुसरे नको असते.

तरीही खरेदी केलेली बरीच मोठी पिस्तुले पहिल्या महिन्याभरात घरच्या तिजोरीत किंवा, त्याहून वाईट, गाडीच्या डॅशबोर्डखाली जाऊन पडतात. कारण एकच. कंबर दुखते.

लपवायला अवघड काय : नळी की मूठ?

नवख्याला वाटते लांब नळी लपवणे कठीण. खरी अडचण मुठीची. नळी पँटच्या आत, मांडीच्या वा नितंबाच्या बाजूने खाली जाते आणि तिथे कुणाचे लक्ष जात नाही. मूठ मात्र पट्ट्याच्या वर असते, शरीराला काटकोनात, आणि वाकले की शर्टाला तंबूसारखे टोक आणते. कपड्यावर असा आकार उमटण्याला तिकडे 'प्रिंटिंग' म्हणतात.

उलट लांब नळीचा एक फायदाच होतो. पट्ट्याच्या वर वजनदार मूठ आणि खाली आखूड नळी असेल तर पिस्तूल बाहेरच्या बाजूला कलंडते. नळी लांब असेल तर पट्ट्याखालचा भाग शरीराला टेकतो आणि मूठ आत ओढली जाते. त्यामुळे सडपातळ माणसेही पूर्ण आकाराचे पिस्तूल पोटाच्या पुढच्या बाजूला बेमालूम ठेवताना दिसतात. काही जण छोट्या पिस्तुलालाही मुद्दाम लांब होल्स्टर लावतात ते याच कारणाने.

जागा ठरवताना तिकडे घड्याळाची भाषा वापरतात. बेंबी म्हणजे बारा वाजले. उजव्या हाताच्या माणसाने तीन ते पाचच्या दरम्यान, म्हणजे उजव्या कमरेच्या जरा मागे पिस्तूल ठेवणे ही जुनी पद्धत. यात होल्स्टर किंचित पुढे झुकवतात, म्हणजे मूठ पाठीच्या वळणाबरोबर जाते. दुसरी पद्धत एक वाजण्याच्या जागी, ओटीपोटाशी. अपेंडिक्स जिथे असते तिथे, म्हणून तेच नाव पडले. इथे हात पटकन पोहोचतो, कुणी मागून हिसकावू शकत नाही, वाकले तरी शर्ट वर जात नाही. पण नळीचे तोंड थेट मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे असते. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना शर्टाचे टोक किंवा जाकिटाची दोरी चापात अडकली, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून प्रशिक्षक एकच गोष्ट घोकून घेतात : काढताना घाई चालेल, ठेवताना अजिबात नाही.

सगळा खेळ पट्ट्याचा

पिस्तुलावर चाळीस-पन्नास हजार रुपयांएवढे डॉलर खर्च करणारा माणूस पट्टा मात्र ऑफिसचाच वापरतो, ही सर्वांत नेहमीची चूक. साधा चामडी पट्टा किलोभर वजनाने पिळतो, होल्स्टर लोंबते, मग माणूस पट्टा आणखी आवळतो आणि दुपारपर्यंत बरगडीखाली वळ उठतो. यासाठी मिळणारे पट्टे साधारण दीड इंच रुंद, दुहेरी चामड्याचे किंवा आत प्लास्टिकची वा पोलादाची पट्टी घातलेले असतात. काहींना भोकांऐवजी बारीक दात असतात, म्हणजे जेवणानंतर अर्धा सेंटीमीटर सैल करता येतो. ज्यांना भोकाभोकाने पट्टा सोडावा लागतो त्यांना याचे महत्त्व लगेच कळेल.

होल्स्टर दोन प्रकारच्या सामग्रीचे. चामडे अंगाला मऊ, पण वर्षा-दोन वर्षांत घामाने ढिले पडते. तोंड मिटले की तेच चापावर दाब देऊ शकते. कायडेक्स नावाचे कडक प्लास्टिक तापवून नेमक्या पिस्तुलाच्या आकारात बसवतात. ते चापाभोवती घट्ट कवच बनते आणि आकार सोडत नाही. टोचते मात्र. त्यावर उपाय म्हणून होल्स्टरच्या आतल्या बाजूला खालच्या टोकाशी फोमची पाचर चिकटवतात. पाचर नळीला शरीरापासून किंचित दूर ढकलते, परिणामी मूठ आत येते. बाहेरच्या बाजूला एक छोटा पंखा असतो, तो पट्ट्याला टेकून मुठीला आणखी आत वळवतो. ही दोन किरकोळ दिसणारी प्लास्टिके नसतील तर मोठे पिस्तूल पुढे ठेवणे जवळपास अशक्य होते.

पँट कमरेला एक-दोन इंच मोठी घ्यावी लागते. शर्ट बाहेर सोडलेला, जरा जाड कापडाचा; एकरंगी पांढऱ्यापेक्षा चौकडीचा बरा, कारण नक्षीत उठाव हरवतो. टेक्सास किंवा ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात हेच अवघड जाते. आत बनियन हवाच, नाहीतर घामाने कातडी सोलवटते आणि पिस्तुलाला गंज चढतो.

महिलांची अडचण वेगळी. त्यांच्या पँटला पट्ट्याचे लूप नसतात किंवा नाजूक असतात, कंबर आणि नितंबाच्या वळणामुळे मूठ बरगडीत रुतते, आणि पोशाखात पट्टा असेलच असे नाही. पोटाभोवती गुंडाळायचे रुंद इलॅस्टिकचे पट्टे मिळतात, पण त्यात चापाभोवती कडक कवच असेल तरच ते सुरक्षित. बहुतेक होल्स्टर पुरुषांच्या शरीराचा विचार करून बनवली गेली. परिणामी अनेक जणी पिस्तूल पर्समध्ये ठेवतात. तो प्रश्न पुढे येतोच.

बसताना, गाडी चालवताना, आणि स्वच्छतागृहात?

उभे राहून सगळे ठीक वाटते; परीक्षा होते ती बसल्यावर. पुढे ठेवलेले पिस्तूल जांघेत रुतते, मागे ठेवलेले गाडीच्या सीटमध्ये. गाडीत बसल्यावर सीटबेल्ट शर्टाच्या आतून घेणे, होल्स्टर इंच-दोन इंच सरकवणे, खाली पडलेली वस्तू कमरेत न वाकता गुडघ्यात बसून उचलणे, या सवयी हळूहळू लागतात. आवळलेल्या पट्ट्यामुळे मांडीच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर होणे, मुंग्या येणे हा त्रास पट्ट्यावर शस्त्र वागवणाऱ्या पोलिसांमध्ये डॉक्टरांना चांगलाच परिचित आहे. जांघेजवळची एक संवेदी नस दाबली गेल्याने तो होतो. त्यावरचा पहिला उपचार म्हणजे पट्टा सैल करणे.

स्वच्छतागृह हा हसण्याचा विषय वाटतो, पण तो तसा नाही. पट्टा सोडला की पिस्तुलाला आधार राहत नाही. मग ते काढून कागदाच्या पेटीवर, टाकीवर ठेवले जाते आणि विसरले जाते. २०१५ मध्ये खुद्द अमेरिकी संसदेच्या इमारतीत हे घडले. संसद सभापतींच्या सुरक्षा पथकातल्या कर्मचाऱ्याने विसरलेले ग्लॉक तिथे आलेल्या एका लहान मुलाला सापडले. ग्लॉकला अंगठ्याने लावायची वेगळी कळ नसते, चाप पूर्ण दाबला की गोळी सुटते, हे लक्षात घेतले की अंगावर काटा येतो. नियम साधा आहे : होल्स्टर पँटवरच ठेवायचे, पिस्तूल त्यातून काढायचे नाही.

आरामाच्या शोधात धोका कसा वाढतो?

कमरेला त्रास होतो म्हणून शस्त्र अंगावरून उतरते, आणि उतरले की ते कुणाच्या हाती लागेल याचा भरवसा नाही. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातल्या हेडन गावी एक तरुण आई मुलांना घेऊन दुकानात गेली. तिच्याकडे परवाना होता. पर्सला पिस्तुलासाठी खास चेनचा कप्पा होता. ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने त्यात हात घातला, गोळी सुटली, आई जागीच गेली. पर्स खास बनवलेली असली तरी ती अंगाला बांधलेली नव्हती.

दुसरी जागा म्हणजे गाडी. शाळा, टपाल कार्यालय, न्यायालय अशा ठिकाणी पिस्तूल नेता येत नाही, म्हणून ते गाडीत ठेवले जाते आणि काच फोडून चोरले जाते. अनेक अमेरिकी शहरांत चोरीच्या बंदुकांचा मोठा वाटा आता घरफोडीतून नव्हे तर गाड्यांमधून येतो.

आणि पुरेसे आरामदायक असेल तर? तर ते अंगावर वा पिशवीत आहे हेच विसरायला होते. २०२३ मध्ये अमेरिकी विमानतळांवरच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक भरलेल्या होत्या. बहुतेकांचे उत्तर एकच असते, 'पिशवीत आहे हे लक्षातच नव्हते.' विमानतळावर हजारो डॉलरच्या दंडावर निभावते. इतरत्र निभावेलच असे नाही.

कायदा काय म्हणतो?

१७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला, पण तो व्यक्तीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे सांगितले ते २००८ च्या हेलर खटल्यात, तेही घरातल्या शस्त्रापुरते. लपवून बाळगण्याचा इतिहास राज्याराज्यांचा आहे. फ्लोरिडाने १९८७ मध्ये अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला परवाना द्यायचे ठरवले आणि मग एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. पूर्ण बंदी असलेले शेवटचे राज्य इलिनॉय. तिथे २०१३ मध्ये न्यायालयाच्या आदेशामुळे कायदा करावा लागला.

न्यूयॉर्कमध्ये १९१३ पासून 'सबळ कारण' दाखवल्याशिवाय परवाना मिळत नसे. जून २०२२ मध्ये 'ब्रुएन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती अट घटनाबाह्य ठरवली. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मेरिलँड यांनाही नियम बदलावे लागले. दुसरीकडे टेक्सास (२०२१), फ्लोरिडा (२०२३), लुइझियाना (२०२४) अशा राज्यांनी परवान्याची गरजच काढून टाकली. २०२४ अखेर अशी राज्ये २९ होती. म्हणजे तिथे कोणतेही प्रशिक्षण न घेता पात्र प्रौढ व्यक्ती शर्टाखाली पिस्तूल घेऊन फिरू शकते. होल्स्टर कसे निवडावे, चापावर बोट कधी ठेवू नये, हे सक्तीने शिकवणारी एकमेव जागा परवान्याचा वर्ग होती, आणि तीच या राज्यांत ऐच्छिक झाली. ही बाब वादात फारशी चर्चिली जात नाही.

एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालतोच असे नाही. पेनसिल्वेनियातला माणूस पूल ओलांडून न्यू जर्सीत गेला की गुन्हेगार ठरू शकतो. सर्वत्र परस्पर मान्यता द्यावी असे विधेयक कनिष्ठ सभागृहाने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केले होते. सिनेटमध्ये ते अडले. जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले गेले.

पोलिसांनी अडवले तर?

काही राज्यांत शस्त्र असल्याचे स्वतःहून सांगणे बंधनकारक आहे, काहींत विचारल्यावरच. प्रशिक्षक सांगतात, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा, शांतपणे सांगा, कशालाही हात लावू नका. पण जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीय तरुणाने आपल्याकडे शस्त्र असल्याचे अधिकाऱ्याला सभ्यपणे सांगितले होते. परवानाही होता. काही क्षणांत अधिकाऱ्याने गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. २०१७ मध्ये ज्युरीने अधिकाऱ्याला निर्दोष ठरवले. लपवलेल्या शस्त्राचा कायदा कागदावर सर्वांना सारखा असला, तरी रस्त्यावर तो कुणाला किती आरामदायक आहे, हा प्रश्न त्यानंतर तिथे उघडपणे विचारला जाऊ लागला.

याने सुरक्षितता वाढते का?

'प्यू' संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ३२ टक्के अमेरिकी प्रौढांनी स्वतःकडे बंदूक असल्याचे सांगितले. त्यातल्या ७२ टक्क्यांसाठी स्वसंरक्षण हे प्रमुख कारण होते. भावना खरी आहे. परिणामांबाबत मात्र अभ्यासकांत तीस वर्षे भांडण चालू आहे. जॉन लॉट यांनी १९९० च्या दशकात असा दावा केला की शस्त्रे बाळगू दिल्याने गुन्हे घटतात. स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उलट निष्कर्ष काढला : असे कायदे केलेल्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के जास्त होते. आज पुराव्यांचे पारडे दुसऱ्या बाजूला झुकलेले आहे. त्यात आणखी एक आकडा : २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४६,७०० जण मेले आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. कमरेवरून उतरवलेले पिस्तूल रात्री कुठे ठेवले जाते, हा प्रश्न म्हणूनच पट्ट्याच्या रुंदीपेक्षा मोठा आहे.

तिथल्या मराठी मंडळींना काय लागू?

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांनी हे नीट वाचावे. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावरील व्यक्तीने बंदूक किंवा एक काडतूसही बाळगणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार परवाना असे मोजकेच अपवाद आहेत. परवान्याची गरज नसलेल्या टेक्सासमध्येही ही बंदी कायम असते, कारण ती राज्याची नसून संघराज्याची आहे. शस्त्रासंबंधी गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढले जाऊ शकते. ग्रीनकार्डधारकांना मात्र नागरिकांप्रमाणे खरेदी करता येते, त्यामुळे मोटेल, पेट्रोल पंप, किराणा दुकान चालवणाऱ्या अनेक भारतीयांकडे काउंटरखाली शस्त्र असते. रूममेट नागरिक असेल आणि त्याचे पिस्तूल घरात असेल तर ते त्याच्या कुलुपात असावे, तुमच्या कपाटात नव्हे.

भारतात चित्र पूर्ण वेगळे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना हा हक्क नसून सवलत आहे. जिवाला धोका आहे हे पोलीस आयुक्त वा जिल्हाधिकाऱ्यांना पटवावे लागते. अमेरिकेत सर्वसामान्य असलेले ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येते, नागरिकांना.३२ चे रिव्हॉल्वर वा पिस्तूल घेता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळीबार करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. निवडणूक आली की बहुतेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. तरी अपघात इथेही चुकत नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेता गोविंदा याच्या जुहूच्या घरी परवान्याचे रिव्हॉल्वर हातातून निसटले आणि सुटलेली गोळी त्याच्या पायात घुसली.

अमेरिकेहून सुट्टीसाठी येणाऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. सरावाला नेलेली सॅक तीच प्रवासाला वापरली, आणि तळाच्या कप्प्यात एखादे काडतूस राहून गेले, असे प्रकार भारतातल्या विमानतळांवर वरचेवर होतात. एका काडतुसावरही शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा दाखल होतो. 'जाणीवपूर्वक बाळगले नव्हते' हे उच्च न्यायालयात सिद्ध करून अनेकांनी तो रद्द करून घेतला आहे. पण तोवर परतीचे विमान निघून गेलेले असते आणि पासपोर्टचे भवितव्य तारखेवर टांगलेले असते. निघण्याआधी सॅक उलटी करून झटकायला दोन मिनिटे लागतात.